शिवण टोचू नये म्हणून

आई, मागच्या महिन्यात मी सायकल चालवायची चड्डी विकत घेतली. हे ऐकून तू आधी हसशील आणि मग विचारशील, "ह्या वयात?" तर हो, ह्याच वयात. पन्नास पूर्ण झाली मला. तू गेलीस तेव्हा तू अठ्ठेचाळीसची होतीस आणि मला सातवा महिना लागला होता. म्हणजे आता मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी झाले, आणि तू न पाहिलेला तुझा नातू नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेला. जाताना त्याची सायकल इथंच राहिली. आमच्या बनशंकरी भागातल्या इमारतीखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, वर्षभर धूळ खात उभी होती. एका सकाळी मी तिच्यावर फडकं मारलं, टायरांत हवा भरून आणली आणि इमारतीभोवती दोन फेऱ्या मारून पाहिल्या. पाय विसरले नव्हते. तुझा जावई गॅलरीतून ओरडला, "पडशील!" आणि मी पडले नाही. एवढ्यावरून पुढचं सगळं सुरू झालं.

आमच्या भागात रविवारी सायकलवाल्यांचा एक गट जमतो. सकाळी उजाडता उजाडता देवळाच्या रस्त्याला भेटायचं, कनकपुऱ्याच्या बाजूला तास-दोन तास जाऊन यायचं आणि परत येताना एका दर्शिनीत, म्हणजे बिनखुर्च्यांच्या हॉटेलात, उभ्याउभ्या इडली-वडा खायचा. पुढारी आहेत एक अक्का. चौसष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगावर साधा चुडीदार आणि डोक्यावर हेल्मेट. बाकी बहुतेक तरुण, कॉम्प्युटरवाले. त्यातला एक पुण्याचा आहे, मला ताई म्हणतो. ह्या लोकांची एक गंमत सांगते. इडली येईपर्यंत प्रत्येकानं ह्या आठवड्यात काय नवीन घेतलं ते सांगायचं, असा त्यांचा रिवाज आहे. कुणी मागचा लाल दिवा दाखवतो, कुणी बाटली अडकवायची जाळी, कुणी हातमोजे. एकानं नवीन चेन घेतली होती तर ती खिशातून काढून टेबलावर ठेवली, आणि सगळ्यांनी ती हातात घेऊन मखमलीच्या डबीतला दागिना पाहावा तशी पाहिली. पुण्याच्या पोरानं बुटाला चिकटणारी पॅडलं बसवली आणि पहिल्याच सिग्नलला पाय सुटला नाही म्हणून तो उभ्याचा आडवा झाला. रिक्षावाल्यानं उठवलं, "स्वल्प निधाना सार" म्हणाला, जरा हळू. तरी तो तीच पॅडलं पुढच्या रविवारी अभिमानानं दाखवत होता. मला आधी हे सगळं पोरकट वाटलं. मग लक्षात आलं की प्रत्येक वस्तूमागं कुणाचं तरी काहीतरी दुखत असतं. हातमोजेवाल्याचे तळवे बधिर होत होते. दिवेवाल्याला मागून मोटारीनं घासलं होतं.

माझंही दुखायला लागलं होतं. तिसऱ्या रविवारी मला कुठंच बसवेना. कुणाला सांगायची लाज, म्हणून मी उभ्यानं इडली खाल्ली. तिथं सगळेच उभे असतात, त्यामुळं खपून गेलं. पण पुण्याच्या पोरानं ओळखलं. हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? बाकी काही घेऊ नकोस. सायकल बदलू नकोस, सीट बदलू नकोस. आधी पॅडवाली शॉर्ट्स घे. सीरियसली, लाइफ चेंज होतं." मी "बघू" म्हटलं आणि घरी आले. अंघोळीला गेले, कपडे काढले, आणि आतल्या मांडीवर जिथं लाल झालं होतं ती जागा पाहिली. तीच जागा, आई. चौतीस वर्षांनी, बोटभरही इकडं-तिकडं नाही.

तुला आठवतंय ना ते वर्ष? बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. ते पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात लेथवर होते. ते गेले आणि महिन्याभरात तू तिकडंच गार्मेंट्सला, कपडे शिवायच्या कारखान्यात, लागलीस. निपाणीकडची तू. ह्या गावात येऊन दहा वर्षं झाली तरी घर, भाजीवाला आणि राजाजीनगरातले चार मराठी शेजारी ह्यांच्यापलीकडं तुझी कन्नड गेली नव्हती. ती तू मशीनवर शिकलीस. पहिल्या महिन्यात घरी येऊन म्हणायचीस, "आज तीन शब्द कळले." तुझ्या लाइनमधल्या बायकांनी तुला बोलायला शिकवलं आणि तू त्यांना शेंगदाण्याची चटणी करायला. सकाळी पावणेआठला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. त्याआधी तू भाकरी थापायचीस, माझा डबा भरायचीस, आणि हात पुसत पुसत मला विचारायचीस, "आज काय हाय गं कॉलेजात?" तुला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी "ड्रॉइंग" किंवा "वर्कशॉप" म्हटलं की तू मान हलवायचीस, ठीक आहे, चालू आहे, अशी.

मी दहावी झाले आणि पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला गेले. वर्गात आम्ही चार मुली. कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बसा बदलायच्या आणि दुसरी कधीच वेळेवर यायची नाही, म्हणून तू समोरच्यांची जुनी लेडीज सायकल मागून घेतलीस. तासभर जायला, तासभर यायला, येताना चढ. सीट म्हणजे लाकडाच्या फळीवर रेक्झिन. माझ्या सलवारीची शिवण दोरीसारखी जाड होती, आणि ती बरोबर आतल्या मांडीवरून खाली उतरायची. पंधरा दिवसांत कातडं सोललं. मी खोबरेल लावलं, पावडर लावली, रुमाल बांधून पाहिला. कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच, कारण तू दिवसभर टार्गेट पुरं करून घरी यायचीस तेव्हा तुझीच पाठ वाकलेली असायची. सलवार मी स्वतः धुवायला लागले. तुला त्यातच संशय आला असणार, मी आणि आपण होऊन धुणं!

त्या संध्याकाळचं माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. तू चुलीपाशी, म्हणजे त्या स्टोव्हपाशी बसलेली आहेस. मी आत येते, पुस्तकं ठेवते, हंड्यातलं पाणी घ्यायला वळते. तू माझ्याकडं न बघताच विचारतेस, "का गं अशी चालालीस?"

"कुठं काय?"

"दाव."

"काही नाही आई."

"दाव म्हणते न्हवं."

मी दाखवलं. तू स्टोव्ह बंद केलास. मग मीच बोलायला लागले, आणि एकदा लागले ते सगळंच बाहेर पडलं. सायकल नको, कॉलेज नको, मुलं हसतात, वर्कशॉपचे सर मला कानस हातात धरायला देत नाहीत, घरी बसून तरी काय करू, मी तुझ्याबरोबर गार्मेंट्सला येते, तुझ्या शेजारी बसते, दोघी मिळून बसनं जाऊ. मला वाटलं होतं तू जवळ घेशील. तू म्हणालीस, "माझ्या शेजारचं मशीन रिकामं न्हाई. आणि झालं तरी तुला मिळायचं न्हाई. मी हाय तिथं, तेवढं बास." आवाज चढवला नव्हतास. हातही उगारला नव्हतास. पण आयुष्यात कुणी मला त्याहून कडक बोललेलं मला आठवत नाही. मी रडत भिंतीकडं तोंड करून झोपले. सकाळी उठले तर डब्याशेजारी औषधाच्या दुकानातली मलमाची ट्यूब होती आणि तू बसला निघून गेली होतीस. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. तू विचारलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मी बसनं गेले, तासभर उशिरा पोचले, आणि सरांनी दारातूनच परत पाठवलं.

त्याच आठवड्यात तुमच्याकडं ती नवी ऑर्डर आली होती. तू मला हे नंतर सांगितलंस, आणि नंतर इतक्यांदा सांगितलंस की मी तिथं होते असंच मला वाटतं. काळ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या, आणि बैठकीच्या जागी आत शिवलेली एक जाड गादी. सगळ्या लाइनला हसू आवरेना. "एनम्मा इदु?" हे काय गं बाई? एकीनं ती गादी डोक्याला लावून दाखवली, चुंबळ म्हणून. दुसरी म्हणाली, परदेशातल्या लोकांना बसायला खुर्च्या नसतील, म्हणून खुर्ची अंगात घालून फिरतात. सुपरवायझरलाही ठाऊक नव्हतं. तूही हसलीस, पण तुला ते डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत तू सॅम्पल सेक्शनच्या म्हाताऱ्या मास्तरांकडं गेलीस, जे कापड बेतायचे, आणि तुझ्या मशीनवरच्या कन्नडमध्ये विचारलंस, हे कोण घालतं? ते म्हणाले, सायकलवाले. तिकडची माणसं पाच-पाच तास सायकलवर बसतात, हौसेनं.

तू म्हणायचीस, हौसेचं मला काही कळलं न्हाई, पर पाच तास म्हटल्यावर मला तुझी मांडीच दिसली. तू जाग्यावर परत आलीस, एक पीस उलटा केलास, आणि त्यातली शिवण कुठून जाते ते पाहिलंस. आतल्या मांडीवरून, सरळ खाली. ओव्हरलॉकची, जाड. गादी घातली होती, पण गादी संपते तिथंच ती शिवण सुरू होत होती. तू मनगटाच्या आतल्या बाजूला ती घासून पाहिलीस. दहा वेळा, वीस वेळा. तेवढ्यात सुपरवायझर आला, "केलसा माडम्मा," काम कर म्हणाला, आणि तू कामाला लागलीस. पण घरी आलीस ती मनगट लाल घेऊनच.

रविवारी सकाळी मी उठले तर तू स्वयंपाकाच्या जागेवर फरशी मोकळी करून बसली होतीस. समोर वर्तमानपत्र अंथरलेलं, हातात खडू. "उभी ऱ्हा," म्हणालीस. कमरेला, मांडीला, गुडघ्याला दोरा लावून मापं घेतलीस. मग ट्रंक उघडलीस आणि तळातून बाबांचे दोन बनियन काढलेस. आई, ते तिथं आहेत हे मला माहीतच नव्हतं. आठ वर्षं तू ते डांबराच्या गोळ्या घालून ठेवले होतेस. मी म्हटलं, "हे नको." तू म्हणालीस, "बनियनचं कापड ताणतंय. दुसरं कुठलं ताणंल?" आणि कात्री चालवलीस. एकदाच, मधोमध. थांबली असशील तर मला दिसलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या मनात आलं की त्या कात्रीचा आवाज तुझ्या कानात किती दिवस राहिला असेल. तेव्हा मी फक्त बघत होते, की ही आता काय करते.

तू काय केलंस ते मला आज इंजिनिअर म्हणून सांगता येतं. तू आतल्या मांडीवरचा जोडच काढून टाकलास. पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे जोडायच्या ऐवजी मांडीला आतून गुंडाळणारा एकच तुकडा कापलास आणि जोड मांडीच्या पुढच्या बाजूला आणून ठेवलास, जिथं काही घासत नाही. आत घडी घातलेलं फ्लॅनेल. शेजारणीच्या मशीनवर टीप घातलीस, मग ती शिवण उलगडून, दोन्ही बाजू सपाट बसवून, हातानं बारीक टाके घातलेस. संध्याकाळपर्यंत तुझी मान वर आली नाही. सोमवारी मी ती चड्डी सलवारीच्या आत घालून गेले. संध्याकाळी तू दारातच उभी. "कुठं लागलं?" मी म्हटलं, नाही लागलं. "खरं सांग." मागं जरा लागलं होतं. तू खडूनं खूण केलीस, रविवारी उसवलीस, पुन्हा शिवलीस. असे तीन रविवार. तिसऱ्या सोमवारी मी घरी आले, तू विचारलंस, आणि मी विसरूनच गेले होते की अंगात काही घातलंय. मी तसं म्हटलं. तू "सरी" म्हणालीस, कन्नडमधलं ठीक, आणि भाकरी उलटलीस. दुसऱ्या बनियनची तोवर दुसरी चड्डीही झाली होती. कॉलेज सोडायचं मी पुन्हा बोलले नाही. बोलायला कारणच उरलं नव्हतं.

तू मात्र तिथं थांबली नाहीस. वर्तमानपत्रावर आखून कापलेला तो नमुना घडी घालून तू कमरेला खोचलास आणि फॅक्टरीत नेलास. सुपरवायझरनं पाहिलं. "योचने माडबेडा," तू विचार करू नकोस, शिव. तू म्हणे मान हलवलीस, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मास्तरांपुढं जाऊन तो कागद ठेवलास. हे सांगायला तुझी कन्नड पुरेना, म्हणून तू तिथलाच एक पीस उलटा केलास, त्यांचं मनगट धरलंस, साठीच्या परक्या पुरुषाचं मनगट, आणि त्यावर ती शिवण घासलीस. मास्तरांनी कागद पाहिला, उजेडाकडं धरला, पुन्हा पाहिला. विचारलं, हे तुला कुणी सांगितलं?

"माझ्या पोरीच्या मांडीनं," तू म्हणालीस.

त्यांनी कागद ठेवून घेतला. महिनाभर काही झालं नाही, आणि त्या महिन्यात तुला वाटत राहिलं की आपली नोकरी जाणार. तू मला म्हणाली नाहीस, पण समोरच्या काकूंना म्हणताना मी ऐकलं. "उगं श्यानपणा केला," असं. मग एक दिवस तू बसमधून उतरून जवळजवळ पळतच आलीस. नवीन कटिंग लाइनवर आलं होतं. मास्तरांनी तसं सॅम्पल करून वर पाठवलं होतं, तिकडच्या लोकांना आवडलं होतं, आणि आता आतल्या मांडीला शिवण नव्हती. मी पहिला प्रश्न विचारला, "तुझं नाव सांगितलं का त्यांनी?" तू म्हणालीस, "नाव कशाला? टोचणार न्हाई न्हवं कुणाला." मी चिडले. सोळा वर्षांची होते, चिडणं सोपं होतं. खरं सांगू, मला आजही वाटतं की त्यांनी सांगायला हवं होतं. तू मोठ्या मनाची होतीस म्हणून त्यांचं चुकलं नाही असं होत नाही. पण मास्तर सरळ माणूस होते. दिवाळीनंतर त्यांनी तुला लाइनमधून उठवून सॅम्पल सेक्शनला घेतलं. खिडकीजवळचं मशीन, टार्गेट नाही, आणि दिवसाला एकच पीस, पण तो असा की त्यावरून पुढचे हजार व्हावेत. शेवटची अकरा वर्षं तू तिथं होतीस. तुझी पाठ सरळ झाली होती आई. आजारपणातसुद्धा तू ताठ बसायचीस.

तर आता दुकानाचं सांगते. राजाजीनगरात, आपण राहायचो त्या रस्त्यापासून दोन चौक पुढं, सायकलच्या सामानाचं एक मोठं दुकान झालंय. आत गेलं की डोळे दिपतात. भिंतीभर टायर, काचेच्या कपाटात गिअर, रांगेनं हेल्मेटं. एक गृहस्थ सीटचे चार नमुने एकामागून एक दाबून पाहत होते, आंबे निवडावे तसे. मी दुकानातल्या मुलीला दबक्या आवाजात चड्डी म्हटलं आणि तिनं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "लेडीज पॅडेड शॉर्ट्सा मॅडम?" तीन प्रकार हातात दिले. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले, कडी लावली, आणि घालून बघायच्या आधी, हात आपोआपच वळला बघ, ती उलटी केली. आतल्या मांडीला शिवण नव्हती. एकच तुकडा आतून गुंडाळत आलेला, जोड पुढं, सपाट. मी मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिली. काही लागलं नाही.

मी तिथल्या स्टुलावर बसले. हे तुझंच आहे असं मी म्हणणार नाही. जगात कुठं कुठं कुणाकुणाच्या मांड्या सोलल्या असतील, आणि कुणाकुणाच्या आयांनी, नाहीतर कुठल्या शिकलेल्या माणसांनी, हेच शोधून काढलं असेल. मला उगाच तुझ्या नावाची पाटी लावायची नाही. पण कुणीतरी असंच खाली मान घालून, दुसऱ्याच्या अंगाचा विचार करत बसलं असणार, हे मला कळत होतं, आणि तसं बसलेलं माणूस मी एकच पाहिलंय. मला रडू आलं नाही. उलट बरं वाटलं, फार दिवसांनी तुझ्या शेजारी बसल्यासारखं. मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. मुलीनं दार वाजवलं, "मॅडम, साइज सरी इदेया?" बरोबर आहे का? मी म्हटलं, हो, सरी इदे, बरोबर आहे. घातली तर नव्हतीच अजून.

घरी आणली, रविवारी घातली, तासाभराच्या वाटेत मला पहिल्यांदाच आजूबाजूची झाडं दिसली. आधीचे तीन रविवार मी फक्त माझ्या दुखण्यावर बसून गेले होते. एका तळ्याकाठी आम्ही थांबलो तेव्हा मला आठवत होतं ते बाबांच्या बनियनाचं मऊ कापड, आणि कॉलेजचा तो चढ, जिथं तिसऱ्या सोमवारनंतर मी उभी राहून पॅडल मारायला लागले होते आणि वर्गातल्या दोघा मुलांना मागं टाकलं होतं. ते तुला सांगायचं राहूनच गेलं होतं बहुतेक. तर टाकलं होतं.

आता मी पीण्यातच आहे, बाबा होते तिथून फार लांब नाही. एका छोट्या कारखान्यात तयार झालेले भाग तपासायचा विभाग माझ्याकडं आहे. मोजायला यंत्रं आहेत, केसाच्या जाडीहून बारीक फरक दाखवणारी. तरी प्रत्येक नवीन भाग आला की मी आधी त्याच्या कडेवरून मनगटाची आतली बाजू फिरवते. हाताखालची माणसं हसायची. आता तीही तसंच करतात. एकदा मालकांनी विचारलं, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात? मी म्हटलं, घरी. त्या दोन दिवसांत, जेव्हा मी कॉलेजला गेले नव्हते, तू मला जवळ घेऊन "बरं, नको जाऊस" म्हणाली असतीस तर मी तुझं काय वाईट मानलं असतं? मी आनंदानं तुझ्या शेजारी बसले असते. आज मला तुझे आभार मानायचे आहेत ते त्या मशीनबद्दल, जे तू मला दिलं नाहीस. तू असताना हे मला तोंडावर कधी बोलता आलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धतच नव्हती. तू "जेवलीस का" म्हणायचीस, मी "हो" म्हणायचे, त्यात सगळं आलं असं आपण धरून चालायचो.

हे मी कारखान्यातल्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, दुपारी, डबा खाऊन झाल्यावर. पत्र म्हणून सुरू केलं, पण पाठवायचं कुठं? पानं फाडणारही नाही. वही भरली की कपाटात जाईल.

जाता जाता एक सांगून टाकते, नाहीतर मनाला लागून राहील. चड्डी घेतली त्या रविवारी दर्शिनीत माझी पाळी आली तेव्हा मी जरा बहकलेच. शिवण कुठं असावी, का असावी, सगळं सांगितलं, आणि मग तुझं सांगितलं, मास्तरांच्या मनगटासकट. पोरं खायचं थांबून ऐकत होती. पुण्याचा म्हणाला, "ताई, तुझी आई म्हणजे कमाल!" मग अक्कांनी विचारलं, "निम्म अम्मा सायकल ओडिस्तिद्रा?" तुमची आई सायकल चालवायची का?

आई, तू कधी सायकलवर बसलीही नव्हतीस. कॅरिअरवरसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं होतं, मागं बस, बसपर्यंत सोडते, तर तू म्हणालीस लुगडं चाकात जाईल, आणि चालत निघालीस. हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. तरी मी म्हणाले, "हो. चालवायची की. रोज, राजाजीनगर ते पीण्या." अक्कांनी हात जोडले. पुढच्या रविवारी खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं, पण तो रविवार होऊन गेला, त्यानंतरचाही गेला, आणि आता मी सांगेनसं वाटत नाही. तिकडं कुणी विचारलंच, तर तूही हो म्हण.